कोनाड्यातला जुना मोबाइल

वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यात आसेगाव नावाचे गाव आहे. आसेगावच्या काय किंवा तुमच्या गावच्या काय, पुष्कळ घरांतल्या कोनाड्यात एक जुना मोबाइल धूळ खात पडलेला असतो. चार्जरला लावला की तो उजळतो, गाणे वाजवतो, फोटोही काढतो. तरी घरातली मंडळी म्हणतात, "तो बाद झाला." जो चालतो तो बाद कसा झाला? त्याच्या खोक्यावर छापलेले आकडे नीट वाचले, तर याचे उत्तर मिळते.

उदाहरणादाखल आपण मोटो ई हा फोन घेऊ. १३ मे २०१४ रोजी तो भारतात विक्रीला आला. किंमत होती ६,९९९ रुपये. तुमच्या घरचा फोन दुसऱ्या कंपनीचा असेल. आकडे थोडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

पहिला आकडा पडद्याचा. पडदा ४.३ इंच, चित्रबिंदू ५४० × ९६०. गुणाकार करा : ५ लाख १८ हजार ४०० बिंदू झाले. ४.३ इंच ही कर्णाची लांबी आहे, हे लक्षात ठेवा. पायथागोरसचा सिद्धान्त वापरून कर्णावर किती बिंदू येतात ते काढा आणि ४.३ ने भागा. उत्तर येईल इंचाला सुमारे २५६ बिंदू. म्हणजे एक बिंदू जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा! तो पाहायचा असेल तर पडद्यावर पांढरे चित्र आणा आणि काडीच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो. पांढऱ्या रंगाच्या जागी तुम्हाला लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसतील. पडद्यावर पांढरा रंग मुळी नसतोच. तीन रंगांच्या मिश्रणातून तो आपल्या डोळ्यांना भासतो. (थेंब लगेच पुसून टाका, फोनच्या फटीत पाणी जाता कामा नये.)

आता फोनचा मेंदू, म्हणजे प्रक्रियक. 'ड्युअल कोअर, १.२ गिगाहर्ट्‌झ' असे खोक्यावर लिहिलेले असते. याचा अर्थ आत दोन प्रक्रियक शेजारी शेजारी बसवलेले आहेत आणि प्रत्येकाचे घड्याळ सेकंदाला १२० कोटी ठोके देते. ही संख्या केवढी, हे समजण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे आपल्या वऱ्हाडातलेच, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. ६४ प्रक्रियक जोडलेल्या त्या यंत्राची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिते एवढी होती. कोनाड्यातला तुमचा फोन, निदान कागदावर तरी, त्याच पायरीवरचा आहे.

मग अडले कोठे? पुढचे दोन आकडे पाहा : रॅम १ जीबी, साठवण ४ जीबी. साठवण म्हणजे धान्याची कोठी आणि रॅम म्हणजे अंगण. धान्य कोठीत कितीही असो, निवडायला घ्यायचे तर ते अंगणात आणून पसरावे लागते. अंगण लहान असेल तर एक रास उचलल्याशिवाय दुसरी पसरता येत नाही. एका ॲपमधून दुसऱ्यात जाताना फोन अडखळतो तो यामुळे. कोठीची अवस्था तर आणखी बिकट. ४ जीबीपैकी बरीचशी जागा फोनची स्वतःची प्रणाली अडवते. मालकाला उरते सव्वादोन जीबीच्या आसपास. मेमरी कार्ड घालून फोटो आणि गाणी बाहेर ठेवता येतात, पण बहुतेक ॲपचा मुख्य भाग आतच राहतो. २०१४ साली ही जागा पुरत होती. पुढे ॲप फुगत गेले, कोठी मात्र तेवढीच राहिली.

या फोनला पुढच्या बाजूला कॅमेराच नाही. मागे ५ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे फोटोत सुमारे ५० लाख बिंदू. पुढचा कॅमेरा नसणे ही २०१४ साली मोठी उणीव वाटत नव्हती. पण मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवर आले. ज्या घरी असा फोन होता, तेथे मुलाला गुरुजी दिसत, गुरुजींना मूल दिसत नसे. मूल ऐकते आहे, की जांभया देते आहे, की रडकुंडीला आले आहे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. खोक्यावर न छापलेली एक ओळ किती महाग पडू शकते, ते पाहा.

आतापर्यंतचे आकडे फोनच्या पोटातले होते. ते दहा वर्षांत बदललेले नाहीत. बदलले ते बाहेरचे जग. खोक्यावर '३जी' असे छापलेले असते, ती मनोऱ्याशी बोलण्याची भाषा आहे. आपल्याकडे ३जीसाठी मुख्यतः २१०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी वापरल्या गेल्या. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटरला, २१० कोटींनी भागा. लहरलांबी सुमारे १४ सेंटिमीटर येते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा, साडेतीन सेंटिमीटरचा ॲन्टेना फोनच्या आत सहज मावतो. याच फोनमधला एफएम रेडिओ मात्र इयरफोनची वायर लावल्याशिवाय चालत नाही. का बरे? १०० मेगाहर्ट्‌झची लहर ३ मीटर लांब असते. तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. तो फोनमध्ये कोठून मावणार? म्हणून ती वायरच ॲन्टेना बनते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, ती थेट ४जीची. २जी किंवा ३जी तिने ठेवलेच नाही. त्यामुळे जिओचे सिम या फोनमध्ये घातले तर तो मनोरा शोधत बसतो. मनोरा समोर उभा असतो, पण भाषा जुळत नाही. एअरटेलने २०१९-२० मध्ये आपले ३जी बंद केले. २जी सेवा देणाऱ्या कंपनीचे सिम घातले तर साधे बोलणे होते. इंटरनेट मात्र मुंगीच्या पावलाने येते. दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर त्याला जोडून पाहा. वायफायची भाषा त्याला आजही येते.

एवढे करूनही दुसरे दार बंद असते. हा फोन अँड्रॉइड ४.४ घेऊन आला. कंपनीने पुढे ५.१ पर्यंतची सुधारणा दिली आणि तेथे हात आखडला. ज्यांनी ती सुधारणा घेतलीच नाही, त्यांच्या फोनवर १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप चालेनासे झाले. जुन्या प्रणालीतल्या सुरक्षेच्या फटी आता कोणी बुजवत नाही, म्हणून असा फोन बँकेच्या व्यवहाराला कधीही वापरू नका. माझ्या मते शेवटची सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे प्रत्येक खोक्यावर किंमतीच्या शेजारी ठळक छापायला हवे.

राहिली बॅटरी. १९८० मिलिॲम्पिअर-तास म्हणजे १९८ मिलिॲम्पिअरचा प्रवाह १० तास. त्याला ३.८ व्होल्टने गुणले की सुमारे साडेसात वॉट-तास ऊर्जा मिळते. ९ वॉटचा एलईडी दिवा तिच्यावर सैद्धान्तिक हिशेबाने ५० मिनिटे चालेल. हा हिशेब नव्या बॅटरीचा. लिथियमच्या बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटते आणि उष्णतेने अधिकच लवकर घटते. विदर्भातल्या वैशाखात पत्र्याखालच्या कोनाड्यात तिचे काय होत असेल, याची कल्पना करा. या फोनचे मागचे झाकण निघते, पण बॅटरी घरी काढता येत नाही. तेव्हा वर सांगितलेले प्रयोग करण्याआधी फोन सपाट टेबलावर ठेवून पाहा. तो डुगडुगत असेल, पाठ फुगली असेल किंवा पडदा कडेने उचलला असेल, तर बॅटरीत वायू साठला आहे असे समजा. अशा फोनला चार्जर लावू नका, दाबू नका, टोचू नका, केराच्या ढिगातही टाकू नका. मोठ्या माणसांना सांगून तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे पोचवा.