ग्रंथपालबाईंना सगळं ठाऊक असतं

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या प्रमुख कार्ला हेडन यांना 8 मे 2025 रोजी एका ईमेलने पदावरून दूर केलं गेलं, ही बातमी सर्वांनी वाचली आहे. मुलांसाठी अयोग्य पुस्तकं ग्रंथालयात ठेवल्याचा ठपका व्हाइट हाउसने त्यांच्यावर ठेवला. हे ग्रंथालय सर्वसामान्यांना पुस्तकं घरी देत नाही आणि सोळा वर्षांखालच्यांना तिथे वाचककार्ड मिळत नाही. आरोपात किती तथ्य आहे, हे एवढ्यावरूनच कळावं. त्यामागच्या राजकारणाची चर्चा भरपूर झाली. पण सत्तेला ग्रंथपालाची धास्ती का वाटते, हे समजून घ्यायचं तर एक बाजूची वाट धरावी लागेल. ती जाते रहस्यकथांच्या कपाटाकडे.

जेन मॅकिन्ले यांनी स्वतः ग्रंथपाल म्हणून काम केलं आहे. 2011 मध्ये 'बुक्स कॅन बी डिसीव्हिंग' या कादंबरीतून त्यांनी लिंडसी नॉरिसला वाचकांसमोर आणलं. कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरच्या ब्रायर क्रीक या काल्पनिक गावात लिंडसी सार्वजनिक ग्रंथालय चालवते. दर आठवड्याला तिथे बायका जमतात, विणकाम-भरतकाम करता करता एखाद्या पुस्तकावर बोलतात, सोबत खाणंपिणं असतंच. हाताखाली मिस कोल आहेत. दंड एक सेंटही न सोडणाऱ्या, वाचकांना दटावणाऱ्या. त्यांच्या आंबट चेहऱ्यामुळे त्यांना पाठीमागे 'लिंबू' म्हणतात. बालविभाग सांभाळणाऱ्या बेथवर, लिंडसीच्या जिवलग मैत्रिणीवर, खुनाचा संशय येतो आणि लिंडसी तपासाला लागते. या मालिकेची डझनाहून अधिक पुस्तकं आजवर आली आहेत.

'कोझी मिस्ट्री' म्हणतात तो हा प्रकार. खून होतो, पण रक्ताचे पाट वाहत नाहीत. गाव लहान, शोध घेणारी व्यक्ती हौशी, आणि शेवटी घडी पुन्हा बसते. मिस मार्पल वाचलेल्यांना याची ओळख नव्याने करून द्यायला नको. या प्रकारात ग्रंथपालांची मात्र रीघ लागली आहे. शार्लेन हॅरिस यांची ऑरोरा टीगार्डन 1990 मध्ये आली, जो डेरेस्की यांच्या मिस झुकस 1994 मध्ये. मिरांडा जेम्स या नावाने लिहिणारे डीन जेम्स तर स्वतः पेशाने ग्रंथपाल. त्यांचा नायक चार्ली हॅरिसही ग्रंथपालच, आणि डीझल नावाचं त्याचं धिप्पाड मांजर सगळीकडे त्याच्याबरोबर असतं.

ग्रंथपालच का? माहिती शोधणं हा त्यांचा पेशा आहे, हे उत्तर अर्धंच आहे. देवघेवीच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाला गावाच्या मनात काय चाललंय ते कळत असतं. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक कोणी नेलं, कर्करोगावरचं कोणी, विषांवरचं कोणी. पोलिसांना जे महिनाभर खपूनही कळणार नाही, ते तिथे आपसूक नोंदलं जातं. लोक ही पुस्तकं बिनधास्त मागतात, कारण बाई कुणाला सांगणार नाहीत याची त्यांना खात्री असते.

ही खात्री किती महागात पडू शकते, ते लिंडसीच्याच राज्यात दिसलं. 2005 मध्ये एफबीआयने कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांना संगणकसेवा पुरवणाऱ्या 'लायब्ररी कनेक्शन' या संस्थेकडे संगणक वापराची माहिती मागितली. न्यायालयाचा आदेश नव्हता, होतं फक्त राष्ट्रीय सुरक्षेचं पत्र. त्याबद्दल कुणाजवळही अवाक्षर काढायचं नाही, अशी सक्त ताकीदही होती. चार ग्रंथपालांनी नकार दिला आणि ते न्यायालयात गेले. स्वतःच्याच खटल्याच्या सुनावणीला हजर राहायची त्यांना परवानगी नव्हती. दुसऱ्या शहरातल्या न्यायालयाच्या इमारतीत, बंद खोलीत बसून त्यांनी ती पडद्यावर पाहिली. एफबीआयला असे अधिकार देणाऱ्या पेट्रियट कायद्याचं मार्च 2006 मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हाही त्यांची तोंडं बंदच होती. त्यानंतर काही आठवड्यांतच सरकारने माघार घेतली.

याच कायद्याविरुद्ध 2003 मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या अध्यक्ष म्हणून उघडपणे उभ्या राहिल्या होत्या कार्ला हेडन. वाचकाची नोंद हे पोलिसांचं साधन नव्हे, ही त्यांची भूमिका होती. म्हणून मला वाटतं, लिंडसी कितीही लोभस असली तरी खऱ्या नायिका-नायकांचं काम तिच्यापेक्षा अवघड आहे. तिला रहस्य उलगडायचं असतं. यांना ते जपायचं असतं.

हा प्रश्न आपल्या दारातही येऊन गेला आहे. एल्गार परिषद प्रकरणात आरोपींच्या घरी सापडलेलं साहित्य पुरावा म्हणून मांडलं गेलं. 2023 मध्ये व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की, नुसतं साहित्य जवळ बाळगणं हा दहशतवादी कृत्याचा गुन्हा ठरत नाही. काय वाचलं यावरून माणूस संशयित ठरू लागला, की ग्रंथालयाची नोंदवहीही निरुपद्रवी राहत नाही.

महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. आपण त्याच्या अनुदानाबद्दल बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण आणखी एक गोष्ट करा. तुम्ही ज्या वाचनालयाचे सभासद आहात, तिथल्या वार्षिक सभेत उभं राहून विचारा: आम्ही काय वाचतो याची नोंद कोण पाहू शकतं, आणि ती किती दिवस ठेवली जाते? नियमावलीत उत्तर नसेल, तर त्याच सभेत ठराव मांडा.