कॅमेरा विद्यापीठात, विषय नीराकाठी

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. चांगले ग्रंथालय, सुसज्ज प्रयोगशाळा आणि नामवंत प्राध्यापक ज्यांच्या वाट्याला येत नाहीत, अशा लहान गावांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत उत्तम ज्ञान पोहोचवावे, हा तो हेतू. इन्सॅट-१ बी हा उपग्रह आदल्याच वर्षी अवकाशात गेला होता. कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी देशातील निवडक विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभारण्यात आली आणि त्यांत पुणे विद्यापीठाचा समावेश झाला. स्टुडिओ, कॅमेरे, ध्वनिमुद्रणाची व संकलनाची यंत्रे हीदेखील ग्रंथालयाप्रमाणेच विद्यापीठाची गरज आहे, हे तत्त्व त्यामुळे प्रथमच व्यापक प्रमाणावर मान्य झाले.

पुण्याला हे तंत्र नवे नव्हते. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही दिल्लीहून तेथे आले. कॅमेऱ्याची विद्या इतकी मुरलेले शहर देशात क्वचितच दुसरे असेल. प्रश्न आहे तो या विद्येचा पाझर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, बारामती आणि इंदापूरपर्यंत कितपत पोहोचला, हा.

या दोन तालुक्यांतील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. परंतु उपग्रहावरून उतरणाऱ्या त्या पाठांची भाषा मुख्यतः इंग्रजी होती. ज्याचे सारे शिक्षण मराठीतून झाले, त्या इंदापूरच्या विद्यार्थ्याला पडद्यावरील प्राध्यापक दिसत होता. तो समजत होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्याच्यासाठी योजना आखली, तोच तिच्या उंबरठ्याबाहेर राहिला. यात एक विलक्षण विसंगतीही आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटरींची आवरणे तयार होतात. अवकाशात झेपावणाऱ्या यानाचा भाग घडविणाऱ्या या मातीला अवकाशातून परत काय मिळाले, हा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

भाषेइतकाच महत्त्वाचा प्रश्न विषयांचा आहे. बारामती तालुक्यात पाटाच्या पाण्यावरचा बागायत पट्टा आणि पावसाकडे डोळे लावून बसलेला जिरायत भाग एकमेकांना लागून आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विषमतेचा याहून बोलका पाठ कोणता? नीरा कालव्याच्या पाण्याने ऊस आणला, साखर कारखाने उभे केले आणि अतिपाण्याने काही जमिनी क्षारपडही केल्या. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातील गावे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि त्याच जलाशयाच्या काठी भिगवण-कुंभारगाव परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. विस्थापितांचा इतिहास आणि पक्ष्यांचे जीवशास्त्र एकाच चौकटीत मावतील असे हे स्थळ आहे. जुने गाव ज्यांनी पाहिले ती पिढी मात्र आता वृद्ध झाली आहे. त्यांची साक्ष आज टिपली नाही, तर उद्या कोणत्याही अनुदानातून ती विकत घेता येणार नाही.

असे काम होऊ शकते, हे गुजरातमधील खेडा जिल्ह्याने दाखवून दिले आहे. १९७५ मध्ये पीज येथे उभारलेल्या लहानशा प्रक्षेपण केंद्रावरून तेथील बोलीत, तेथील शेतकरी व मजुरांना सहभागी करून घेऊन कार्यक्रम होत असत. १९८४ मध्ये या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापन पुरस्कार मिळाला. ते केंद्र पुढे बंद झाले. पण प्रेक्षक हाच निर्मितीचा भागीदार असला पाहिजे, हा त्याचा धडा कालबाह्य झालेला नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या वसुंधरा वाहिनी या सामुदायिक रेडिओने आवाजाच्या क्षेत्रात हीच वाट धरली आहे. जे ध्वनीला साधते, ते चित्राला असाध्य का मानावे?

आज तर साधनांची सबब पुढे करता येत नाही. २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’च्या ३२ शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात ई-आशय निर्मितीच्या सोयींची पृच्छा होऊ लागल्यापासून अनेक ठिकाणी ध्वनिरोधक खोल्या, दिवे आणि कॅमेरेही आले. मात्र तपासणी समितीला दाखविण्यापुरते कुलूप उघडायचे आणि एरवी सत्कार व स्नेहसंमेलने चित्रित करायची, एवढ्यासाठीच ही सामग्री असेल तर ती नसलेली बरी. कोणी म्हणेल, प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा असताना स्टुडिओ हवाच कशाला? उत्तर सोपे आहे. लेखणी घरोघर आली म्हणून संपादनाची गरज संपली नाही. विषयाचे संशोधन, संहिता, ध्वनीची शुद्धता, संकलन आणि तयार झालेल्या चित्रफितींचे जतन ही कामे शिकवावी लागतात आणि ती शिकविणे हेच विद्यापीठाचे कार्य आहे.

म्हणून विद्यापीठाने आपल्या माध्यम केंद्राची दारे संलग्न महाविद्यालयांसाठी उघडावीत. बारामती व इंदापूर येथील एकेका महाविद्यालयात चित्रीकरणाचा लहान पण कायम संच असावा. चित्रीकरण तेथील विद्यार्थ्यांनी करावे आणि अंतिम संकलनासाठी पुण्याच्या तज्ज्ञांचे साहाय्य मिळावे. या कामाला अभ्यासक्रमात गुण असावेत, म्हणजे ते हौशीच्या पातळीवर राहणार नाही. विषय ठरविणाऱ्या समितीत शिक्षक, विद्यार्थी आणि शेतकरी असावेत. संस्थाचालकांच्या गौरवपटांना तेथे थारा नसावा. आणि भाषा मराठी असावी, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

यासाठी लागणारा पैसा एखाद्या नव्या इमारतीच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल. लागेल ती दृष्टी. पुण्यातून इंदापूरकडे पाठ पाठविण्याचा प्रयोग चार दशके झाला. इंदापूरहून पुण्याकडे एखादा पाठ येऊ द्यावा. आपल्या गावाचे पाणी, जमीन आणि माणसे हादेखील अभ्यासाचा विषय आहे, हे ज्या दिवशी तेथील विद्यार्थ्याला पडद्यावर दिसेल, त्या दिवशी १९८४ च्या त्या संकल्पाला खरा अर्थ येईल.