बॅग मुलानेच भरावी

शिबिराला आलेल्या मुलाची बॅग आईने भरली असेल, तर ते पहिल्याच रात्री कळतं. दिवे मालवायची वेळ झालेली असते, खोलीतली बाकीची मुलं दात घासून आडवी झालेली असतात आणि हा अजून कोपरापर्यंत हात घालून ब्रश शोधत असतो. ब्रश असतो. आईने तो स्वच्छ रुमालात गुंडाळून, टूथपेस्टसकट, आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवलेला असतो. पण हे फक्त आईला माहीत असतं, आणि ती असते शंभर किलोमीटरवर. मग सगळे कपडे बाहेर येतात, गादीवर ढीग होतो, आणि तो ढीग पुढचा आठवडा परत बॅगेत जात नाही.

मुंबईतल्या एका मराठी मंडळीच्या शब्बाथशाळेत मी शिकवते. मे महिन्यात आम्ही मुलांना घेऊन आठवडाभर कर्जतला जातो. प्रवचन, गाणी, खेळ यांची जबाबदारी इतरांवर असते. माझ्याकडे असतं सामान. मुलांचंही आणि शिबिराचंही. आठवड्यात जे घडायचं त्यातलं पुष्कळसं निघायच्या आधीच्या शनिवारी ठरून जातं, असं माझं मत त्यातूनच झालं आहे.

कर्जतच का, असं नवे पालक विचारतात. पहिलं कारण लोकल. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून गाडीत बसलं की न बदलता कर्जत. बस ठरवली तर प्रत्येक मुलामागे वर्गणी वाढते आणि जी मुलं यावीत असं मनापासून वाटतं, नेमकी तीच गळतात. दुसरं कारण पाणी. मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्या कोरड्या पडतात, पण कर्जतची पेज वाहत असते. ते पाणी घाटमाथ्यावरचं. ठोकरवाडी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रात उतरतं, १९२२ पासून उतरतं आहे, आणि वीज करून झाली की पेज नदीत सोडलं जातं. त्याच धरणाच्या तळ्याकाठी, वर मावळात, निळशीला बाँबे वायएमसीएचं शिबिरस्थळ आहे. मोठी मुलं तिकडे जातात. आमची तिसरी ते सातवीची मुलं डोंगराच्या या बाजूला, खाली.

या पाण्याबद्दल पालकांना आम्ही पहिल्या सभेतच सांगतो, कारण पोहण्याचे कपडे आणायचे की नाहीत हे त्यावर ठरतं. वीजनिर्मिती सुरू झाली की नदीचं पाणी वाढतं. आकाश निरभ्र असतं, पाऊस नसतो, आणि तरी गुडघाभर पाणी कमरेपर्यंत येऊ शकतं. म्हणून आमच्या यादीत स्विमसूट नाही. नदी लांबून पाहायची, आंघोळ विहिरीच्या पाण्याने नळावर. यावर दरवर्षी एखादा बाबा हुज्जत घालतो. आम्ही ऐकत नाही.

यादी उपासनेनंतर वाटली जाते. पाठपोठ एकच कागद. पवित्र शास्त्र, तेही मुलाचं स्वतःचं; घरातलं आजोबांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी असलेलं मोठं नव्हे, ते घरीच राहू द्या. वही, दोन पेनं. ताट, वाटी, पेला आणि त्यांच्यावर खिळ्याने कोरलेलं नाव. चादर, उशीची खोळ. टोपी. बॅटरी आणि तिचे जादा सेल. पाण्याची बाटली. पायात घालायला बंद बूट, शिवाय चपला. कपड्यांचे चार जोड. सात दिवसांना सात लागत नाहीत, कारण मेमध्ये कर्जतच्या उन्हात दुपारी दोरीवर टाकलेला सदरा चहाच्या वेळेपर्यंत खडखडीत वाळतो. पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड, कारण मोबाईल आणायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळी मुलं घरी पत्र लिहितात. खाऊचे पैसे पाकिटात घालून ताईंकडे.

बूट आणि बॅटरी यांवर माझा फार भर असतो. रायगड हा विंचवाचा जिल्हा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही; त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. औषध आहे म्हणून निष्काळजी राहता येत नाही. सकाळी बूट उलटा करून दोनदा आपटायचा आणि मगच पाय घालायचा. रात्री लघवीला उठलं तर आधी बॅटरी, मग पाय जमिनीवर. निघायच्या आठवड्यात आमच्यापैकी एकजण कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात स्वतः जाऊन येतो, सर्पदंशाची लस हजर आहे का ते विचारतो आणि फोन नंबर भिंतीवर लावायच्या कागदावर उतरवून आणतो. या भागात फुरसं आहे, घोणस आहे. हे सामान पिशवीत भरता येत नाही, पण माझ्या यादीत ते सगळ्यात वर असतं.

निघायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये बॅगा भरायचा कार्यक्रम असतो. घरून भरून आणायच्या नाहीत. सामान चादरीत गुंडाळून, गाठोडं करून आणायचं आणि बॅग रिकामी आणायची. प्रत्येक मूल आपली चादर जमिनीवर पसरतं, त्यावर सामान मांडतं, आणि ताई यादी वाचते. नाव घेतलेली वस्तू मुलाने उचलायची, दाखवायची, बॅगेत ठेवायची. पालक भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसतात. उठायचं नाही, हा नियम त्यांच्यासाठी.

गेल्या वर्षी तिसरीतला एक मुलगा होता. आई-आजी दोघी आलेल्या. पहिल्यांदाच घराबाहेर झोपणार होता. त्याने आधी सगळे शर्ट एकावर एक रचले, मग सगळ्या चड्ड्या, आणि बॅग अर्ध्यातच भरली. आजी खुर्चीच्या कडेवर आल्या. "अरे, गुंडाळी कर, गुंडाळी," त्या पुटपुटल्या. मी म्हटलं, "आजी, थांबा जरा." त्याने सगळं बाहेर काढलं. शेजारची पाचवीतली मुलगी एका दिवसाचे कपडे एकत्र गुंडाळून एकेका पिशवीत घालत होती: शर्ट, पॅन्ट, आतले कपडे, रुमाल, सगळं आत. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने तसंच केलं, आणि प्रत्येक पिशवीवर पेनाने वार लिहिला. ब्रश, पेस्ट, साबण वरच्या कप्प्यात. बॅटरी त्याने आत टाकली होती, ती पुन्हा काढली आणि बाहेरच्या खिशात ठेवली. "रात्री लागेल ना," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नव्हे. आजींनी पदराआडून चिवड्याचा डबा काढला. तो यादीत नव्हता. मी तो शिबिराच्या सामायिक डब्यात घेतला, कारण एकाच्या बॅगेतला खाऊ खोलीत भांडणं लावतो आणि मुंग्याही आणतो.

त्या मुलाला आठवडाभरात काही शोधावं लागलं नाही. उलट खोलीतल्या दोघांना तो त्यांच्या वस्तू शोधून द्यायचा.

शिबिराचं सामान वेगळंच. तांदूळ मुंबईहून नेत नाही. कर्जत भाताचा तालुका, इथल्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जातींना 'कर्जत' हेच नाव आहे. तांदूळ, भाजी, कांदे-बटाटे तिथल्या बाजारात मिळतात. करवंदं आणि जांभळं ठाकूर बायका टोपलीत घेऊन येतात. आम्ही नेतो ते मसाले, प्रथमोपचार पेटी, मीठ-साखरेची पाकिटं, हस्तकलेचे कागद, ढोलकी, टाळ आणि पेटी. पेटीवाचून चालत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत आणलं; 'उपासना संगीत'मधली त्यांची गीतं मुलं घरी ऐकत असतातच, पण रात्री उघड्यावर, पेटी-ढोलकीवर, सगळ्यांनी मिळून म्हटल्यावर ती त्यांची होतात. गिटारवाले तरुण संघात आहेत आणि त्यांचीही गाणी होतात. तरी पेटी उचलून न्यायचा त्रास मला दरवर्षी योग्य वाटतो.

आणि फ्लॅनेलचा फलक. प्रोजेक्टर सहज मिळतो, पण शिबिराच्या जागी वीज जाते आणि मुलांना हाताने चिकटवायची चित्रं आवडतात. प्रत्येक गोष्टीचं पाकीट वेगळं. शुक्रवारी रात्री मी ती सगळी उघडून मोजते: योसेफाचे अकरा भाऊ, दाविदाची गोफण, योनाचा मासा. मासा नसेल तर योनाची गोष्ट सांगणाऱ्या सरांचं अवघड होतं, आणि कर्जतच्या बाजारात तो विकत मिळत नाही.

सोमवारी सकाळची गाडी. कर्जतकडे जाणाऱ्या गाड्यांना त्या वेळी गर्दी कमी; मुंबईकडे येणाऱ्या भरून येत असतात. पेटी, ढोलकी, फलक मालडब्यात, सोबत दोन मोठी मुलं. बाकी सगळ्यांच्या बॅगा ज्याच्या त्याच्या पाठीवर. चाकांची बॅग आम्ही घेऊ देत नाही: पुलाच्या पायऱ्यांवर ती उचलावी लागते, आणि टेम्पोतून उतरल्यावर शिबिराच्या जागेपर्यंतची वाट मातीची, दगडांची आहे. मुलाला पाठीवर घेऊन चालता येईल तेवढंच त्याचं सामान. शनिवारी हॉलमध्ये भरलेली बॅग पाठीला लावून प्रत्येकाला दोन फेऱ्या मारायला लावतो. जड झाली तर काय कमी करायचं ते त्यानेच ठरवायचं. बहुतेक मुलं तिसरा टी-शर्ट काढतात. एका मुलीने पोटाशी धरून झोपायची बाहुली काढली आणि मग पुन्हा आत घातली, आणि त्याऐवजी एक टॉवेल कमी केला. मी काही म्हटलं नाही. बाहुली हवी असते.

पालकांसाठी एकच काम उरतं, आणि ते त्यांच्याशिवाय कुणाला करता येत नाही: संमतिपत्रामागचा आरोग्याचा रकाना. दमा, फिट, शेंगदाण्याची अॅलर्जी लोक लिहितात. औषध कितीचं, किती वाजता, तेही लिहा, आणि गोळ्या नाव घातलेल्या पाकिटात ताईंच्या हातात द्या, मुलाच्या बॅगेत नव्हे. जे लिहीत नाहीत ते अंथरूण ओलं होण्याबद्दल. लाज वाटते, किंवा वाटतं की तिथे होणार नाही. नव्या जागी ते जास्तच होतं, आणि कुणाला माहीत नसेल तर ते मूल पहाटे ओल्या चादरीवर जागं पडून राहतं. कागदावर लिहायचं नसेल तर शनिवारी हॉलमध्ये मला बाजूला घेऊन सांगा. रात्री अकरा वाजता मी त्याला उठवून नेईन, पहाटे चादर बदलेन, आणि खोलीतल्या कुणाला कळणार नाही. मेणकापड आम्ही नेतोच.