फिजिक्सची पदवी, कर्जाचा हप्ता आणि पहिला पगार

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. मुलीला फिजिक्स आवडतं, सर म्हणतात हुशार आहे, बी.एस्सी.ला घालायचीय, मग कर्ज काढावं का? आज हाच हिशेब मांडू. शेळी किंवा शिलाई मशीन घेताना मांडतो, तसाच.

आधी कर्जाची बाजू. समजा शहरातल्या कॉलेजची फी, खोलीभाडं आणि मेस मिळून वर्षाला १ लाख लागले. तीन वर्षांचे ३ लाख बँकेकडून घेतले. व्याज १० टक्के धरू. शैक्षणिक कर्जात साधारणपणे शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. पण हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. पहिल्या लाखावर चार वर्षांचं ४० हजार, दुसऱ्यावर ३० हजार, तिसऱ्यावर २० हजार. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज ३ लाख ९० हजार झालेलं असतं. ते सात वर्षांत फेडायचं, तर महिन्याला साधारण साडेसहा हजार रुपये.

आता कमाईची बाजू. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगची पदवी सरळ एका कामाकडे नेते. फिजिक्सचं तसं नाही. नुसत्या बी.एस्सी.वर फिजिक्सचंच काम मिळणं अवघड. बँकेच्या, स्पर्धा परीक्षेच्या वाटा असतात, पण त्या कुठल्याही पदवीला असतात. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचं तर एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि बी.एड.ची दोन वर्षं आणखी. म्हणजे एकूण सात वर्षं. त्यानंतर नेमणूक मिळाली, तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ पासून ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षणसेवकाचं मानधन महिना २० हजार आहे. त्यातून साडेसहा हजार हप्ता गेला, तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

खरी अडचण वेळेची आहे. हप्ता पाचव्या वर्षी दारात येतो आणि पगार आठव्या वर्षी. मधली तीन वर्षं हप्ता कोण भरणार? सहकर्जदार म्हणून सही आई-वडिलांची असते. हप्ते थकले तर आपलंही सिबिल बिघडतं आणि उद्या आपल्याला कर्ज मिळायला अडचण येते.

म्हणून फिजिक्स नको, असं मी म्हणत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला ३० मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या कामाचा पाया फिजिक्सच. कॅन्सरच्या रुग्णाला किरणांचा किती डोस द्यायचा, याचं गणित करणारा माणूसही एम.एस्सी. फिजिक्सनंतर खास अभ्यासक्रम केलेला असतो. नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळवून पीएच.डी.ला लागलं, तर महिन्याला ३७ हजार विद्यावेतन मिळतं. पण या सगळ्या वाटा एम.एस्सी.नंतरच्या आहेत.

तेव्हा माझं सांगणं एवढंच, की बी.एस्सी. शक्यतो कर्जाशिवाय करा आणि कर्ज लागलंच तर ते एम.एस्सी.साठी राखून ठेवा. प्रवेश घेताना अनुदानित तुकडी मागा. विनाअनुदानितपेक्षा फी बरीच कमी असते. वसतिगृहाची आणि समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीची चौकशी करा. बारावीत बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्या मुलांना विज्ञान शिकण्यासाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांपर्यंत. यंदाची जाहिरात आणि तारीख कॉलेजात विचारा.

तरीही कर्ज घ्यावं लागलं, तर बँकेच्या शैक्षणिक कर्जातूनच घ्या. त्यात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. जमीन किंवा दागिने गहाण ठेवू नका. गटाचं कर्जही यासाठी नको. शेकडा २ रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात. जमलं तर शिकत असतानाच व्याज भरत जा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला साधारण ८३५ रुपये येतं, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षापासून अडीच हजार. तेवढं भरलं तर मुद्दल ३ लाखच राहतं आणि पुढचा हप्ता पाच हजारांच्या आसपास येतो.

सही करण्याआधी बँकेत तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होणार? मुलगी एम.एस्सी.ला गेली तर मुदत वाढेल का? आपलं कॉलेज आणि अभ्यासक्रम व्याज सवलतीच्या योजनेत बसतात का?

आणि घरी मुलीला जवळ बसवून हा सगळा हिशेब तिच्याच हातानं वहीत लिहायला लावा. फिजिक्स शिकणाऱ्या मुलीला हे गणित जड नाही. कर्ज शेवटी तिच्याही नावावर असणार आहे, तेव्हा आकडे तिला आधी माहीत असायला हवेत.