क्षेत्रभेटीसाठी दणकट कॅमेरा

मंद्रूप परिसरातील शाळांना क्षेत्रभेटीसाठी फार लांब जावे लागत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातच हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख कोरलेला आहे. मराठीतील सर्वांत जुन्या कालोल्लेख असलेल्या लेखांत त्याची गणना होते. वाटेत काळ्या रानाची धूळ, काठावर चिखल आणि मंदिरात अंधार. अशा ठिकाणी न्यायचा कॅमेरा कसा निवडावा?

मुठीत मावणारे दणकट कॅमेरे आता मिळतात. ते दणकट का असतात, हे आधी पाहू या. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची निम्मी केली, तर पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो. पण वस्तुमान एक अष्टमांशच उरते. त्यामुळे सारख्याच उंचीवरून पडताना पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला येणारी ऊर्जा निम्मी होते. भिंतीवरून पडलेली मुंगी चालू लागते, ती याच कारणाने. शिवाय ३ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला सुमारे वीतभर अंतरापासून क्षितिजापर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट दिसते. मग फोकससाठी भिंग पुढेमागे सरकवावे लागत नाही. हलणारा भागच नसेल, तर बिघडणार काय?

या लहानपणाची किंमतही मोजावी लागते. प्रकाश टिपणारा सेन्सर अशा अनेक कॅमेऱ्यांत जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. मोठ्या कॅमेऱ्यातील ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे तिसाव्या हिश्शाचे. प्रकाश कणाकणाने येतो. एका बिंदूवर सरासरी १०० कण पडत असतील, तर त्यांत साधारण १० चा, म्हणजे १० टक्के चढउतार होतो. १०,००० पडत असतील, तर १०० चा, म्हणजे एकच टक्का. म्हणून लहान कॅमेऱ्याचे अंधारातील चित्र रवाळ दिसते.

खरेदी करताना वेष्टनावरील 'आयपी' अंक पाहावा. ६७ मधील ६ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दुसरा अंक ८ असेल, तर खोली व वेळ उत्पादक सांगतो. ही चाचणी स्वच्छ पाण्यात होते. झाकणाच्या रबरी कडीवर वाळूचा एक कण अडकला, तरी पाणी आत शिरते. म्हणून कॅमेरा आधी गोड्या पाण्याने धुवावा, पुसावा आणि मगच उघडावा. बंद पेटीतून उष्णताही सहज बाहेर पडत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो उन्हात ठेवू नये.

आता तुळईवरचा लेख टिपू. परवानगी घेऊन कॅमेरा काठीच्या टोकाला पक्का बांधावा, काठी जमिनीवर टेकवावी आणि सेल्फ-टायमर लावावा. कॅमेरा स्थिर असला, की उघडझाप सावकाश ठेवून जास्त प्रकाशकण गोळा करता येतात. रुंद कोनाच्या भिंगात कडेच्या सरळ रेषा वाकतात, म्हणून अक्षरे चौकटीच्या मधोमध घ्यावीत. विजेरी समोरून धरू नये. ती एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरावी. खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि झिजलेले अक्षर उठून दिसते. दोन-तीन दिशांनी प्रकाश टाकून वेगवेगळी चित्रे घ्यावीत, कारण प्रकाशाला समांतर असलेली रेघ दिसत नाही.

वर्गात हाच प्रयोग जुन्या, गुळगुळीत नाण्यावर करता येईल. नाणे वीतभर लांब ठेवावे. विजेरी आधी वरून आणि मग बाजूने धरून दोन्ही चित्रांची तुलना विद्यार्थ्यांना करू द्यावी.

अक्षरे ठळक व्हावीत म्हणून त्यांत खडू, तेल किंवा रंग भरण्याचा मोह मात्र टाळावा. दगड खराब होतो. शिवाय भरणाऱ्याने चुकून ओढलेली रेघ कोणती आणि मूळची कोणती, हे नंतरच्या वाचकाला ओळखता येत नाही. सावली पुसली जाते. खडूने दिलेले चुकीचे वाचन दगडावर राहते. आमच्या मते, कॅमेरा कितीही साधा असो, हजार वर्षांच्या अक्षराला हात न लावता ते वाचायला शिकणे हाच या भेटीचा खरा धडा आहे.