विजापूरला दोन दिवस: गोलघुमटात कुजबुजायचं कसं?

डिसेंबरातल्या ट्रिपबद्दल सांगेन म्हटलं होतं, तर ऐका. आम्ही दोघं विजापूरला जाऊन आलो. कागदोपत्री आता विजयपूर, पण सोलापूरच्या स्टँडवर विजापूरच म्हणा, गाडी लगेच दाखवतात. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं सोलापूर, पुढे बसनं शंभरेक किलोमीटर.

खरं कारण गुलाबी थंडी वगैरे नव्हतं. मला बंगळुरूची नोकरी चालून आली होती आणि तीन आठवडे आम्ही त्यावर बोललोच नव्हतो. भांडण नाही, काही नाही. मी विषय काढला की याला नेमकं झाडांना पाणी घालायचं आठवायचं.

पहिल्या दुपारी गोलघुमट. मुहम्मद आदिलशहाची कबर, तो वारला १६५६ साली. आत मधोमध एकही खांब नाही. एकमेकींत गुंफलेल्या कमानी चौकोनी दालनाला वर गोल आकार देत नेतात आणि घुमटाचं वजन भिंतींवर उतरवतात. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यांतून जिने चढून वर गेलं, की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. आणि तिथे काय? शाळेच्या सहली! शिट्ट्या, टाळ्या, ‘ओऽऽ’. एक आवाज पुन्हा पुन्हा घुमत राहतो, त्यात पुढचे दहा मिसळतात. पाच मिनिटांत आम्ही खाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो, आणि हाच माझा सल्ला: उघडताच जा. तिथे ओरडायचं नसतंच. एरवी आवाज चहूबाजूंना पसरतो आणि विरतो. पण गोल भिंतीजवळ तोंड नेऊन तिच्या कडेकडेनं कुजबुजलात, तर आवाज भिंतीवरून थोडा थोडा परावर्तित होत तिला धरूनच पुढे सरकतो. मधल्या पोकळीत फारसा विखरत नाही, म्हणून लांबवर पोचतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधली हीच गंमत लॉर्ड रॅली यांनी उलगडली होती. पुढे आपल्या सी. व्ही. रामन यांनीही अशा गॅलऱ्यांचा अभ्यास केला, त्यात हा गोलघुमटही होता.

हा पार समोर जाऊन उभा राहिला. मध्ये सुमारे अडतीस मीटरची पोकळी, चेहरा नीट दिसेना. मी भिंतीला गाल लावला. ‘ऐकू येतंय का?’ विचारायचं ठरलं होतं. तोंडून निघालं, “मला जायचंय रे.”

थोडा वेळ काहीच नाही. मग अगदी कानाशी, “माहितेय. मला एकट्याला राहायची भीती वाटते, म्हणून गप्प होतो.”

मी काही बोलणार तेवढ्यात तिसराच आवाज, “जाऊ द्या की वो तिला!”

सज्ज्यावर थोडं पुढे मफलर गुंडाळलेले एक सोलापूरचे काका भिंतीला कान लावून उभे! तर हेही लक्षात ठेवा: भिंतीशी जो उभा असेल, त्याला सगळं ऐकू जातं.

बाकी विजापूर निवांत फिरलो. मलिक-ए-मैदान तोफ पाहिली, ती अहमदनगरला ओतलेली. मला सगळ्यात आवडला इब्राहिम रोजा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं तो बायकोसाठी, ताज सुलतानासाठी बांधायला घेतला म्हणतात. पण १६२७ साली तोच आधी गेला, आता दोघंही तिथेच आहेत. गोलघुमटापुढे लहान, पण नक्षी बघत तासभर सहज जातो. तिथल्या पायरीवर बसून आम्ही घरभाड्याचा हिशेब केला. दोन घरं, दोन भाडी. जमेल, पण ओढाताण होईल. तो म्हणाला, “झाडं तू नेतेस की मी ठेवू?” तुळस माझ्याकडे, बाकी त्याच्याकडे.

मग ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, आणि संध्याकाळची सोलापूरची बस. बसमध्ये पुणे-बंगळुरू रात्रीच्या गाड्या बघत होतो. फेब्रुवारीपासून हा पॉडकास्ट तिकडून रेकॉर्ड होईल.