सायलेन्सरचे फटाके आणि पाव फेऱ्याचा हिशेब

पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून चाकणच्या कारखान्यांत पाळीला जाणारा कामगार आजही जुन्याच मोटारसायकलवर दिसतो. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसले. पण कार्बोरेटरच्या गाड्यांवर अजून अनेक गॅरेजवाल्यांची रोजी आहे.

तक्रार ठरलेली. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके, मूठ पिळली की गाडी दबते. पुष्कळ मेस्त्री लगेच स्क्रूला हात घालतात. गिऱ्हाईक आठवड्यात परत येते, किंवा दुसऱ्याकडे जाते.

आधी एअर फिल्टर, प्लग, टॅपेट पाहावे. कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबराला चीर असली तर जादा हवा ओढली जाते. मग स्क्रू कितीही फिरवा, फटाके थांबत नाहीत. सायलेन्सरचे गॅस्केट गळत असले तरी तेच. स्लो जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते.

इंजिन गरम करूनच ट्यूनिंग करावे. स्क्रू हलक्या हाताने बसवून कंपनीने सांगितले तितके फेरे उघडावा. मग पाव-पाव फेरा फिरवून इंजिन सर्वांत जलद चालेल तेथे थांबावे आणि आयडल उतरवावे. नवशिके इथेच चुकतात: स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण हवेकडे झुकते, हेही ध्यानात घ्यावे.

पिकअप तरीही दबला, तर केबलचा ढिलेपणा तपासावा. डायफ्रॅमचा कार्बोरेटर असल्यास तो रबरी पडदा उजेडासमोर धरावा. सुईएवढे भोकही पुरते.